थंडीत लिहिलेला एक

माणसाकडे ते खालून वर बघत. आधी बूट, मग मोजे, मग पॅन्टची कड आणि सगळ्यात शेवटी चेहरा. आमच्या संस्थेत ते रुजू झाले त्या दिवशी मी ओळख करून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा ते माझ्या घोट्यांकडे बघत होते.

"मोजे पांढरे घालत जा," ते सरळ मराठीत म्हणाले. "काळ्या मोज्यावर ती दिसत नाही." मग मान वर करून हसले. "जय भीम."

दारावरच्या पाटीवर माझं आडनाव होतं, त्यामुळे त्यांनी सगळं ओळखलं होतं. मी आधी कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. कोणी नव्हतं. तरी मी हळू आवाजातच उत्तर दिलं. अकरा वर्षांत त्या इमारतीत हे दोन शब्द मी एकदाही उच्चारले नव्हते. कुणी मनाई केली होती असं नाही. मीच आपला गुळगुळीत होत गेलो होतो.

"ती" म्हणजे गोचीड. आमचा विभाग गोचिडांवर आणि त्यांच्यापासून गाईंना, मेंढ्यांना, कुत्र्यांना होणाऱ्या आजारांवर काम करतो. मी आकड्यांचा माणूस. कुरणांतून पकडून आणलेल्या गोचिडी छोट्या ट्यूबांमध्ये येतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात जंतू आहेत का ते तपासलं जातं आणि कुठल्या शेतावरची गोचीड स्वच्छ, कुठली नाही, हे जुळवून मांडणं माझ्याकडे. हे काम खोलीत बसून होतं. मोजे कुठलेही चालतात.

डॉक्टर (आम्ही सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचो, डच लोकसुद्धा) विदर्भातल्या एका तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात वीस वर्षं काढून आले होते. चाळिशी उलटल्यावर पीएच.डी. केली आणि पन्नाशी उलटल्यावर तीन वर्षांच्या करारावर नेदरलँड्समध्ये आले. बायको तिकडेच शाळेत शिक्षिका होती. इकडे ते डीमन नावाच्या गावात एका खोलीत राहत. करार आहे तोवर परमिट, परमिट आहे तोवर खोली. त्यांना त्याची फिकीर दिसत नसे. मला मात्र त्यांच्या कराराची शेवटची तारीख पाठ होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डीमनच्या ट्राममध्ये त्यांनी एकदा एका अनोळखी बाईच्या कुत्र्याच्या कानामागून गोचीड काढली. आधी विचारलं वगैरे काही नाही. खाली बसले, खिशातून चिमटा काढला, कुत्र्याशी वऱ्हाडीत बोलले, "थांब ना बाप्पा, झालंच," आणि काम उरकून ती गोचीड बाईंच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर पोलीस आले असते. त्या बाई पुढच्या आठवड्यात सफरचंदाचा केक घेऊन संस्थेच्या दारात उभ्या. मी तो केक खाल्ला. चांगला होता. तरी दुसरा तुकडा मी घेतला नाही.

कारण हे असं सारखं व्हायचं. मी इथली भाषा परीक्षा देऊन शिकलो, उइटहॉर्नमध्ये घर घेतलं, शेजाऱ्यांच्या वाढदिवसांना गोल करून मांडलेल्या खुर्च्यांत तीन-तीन तास बसलो. तरी कुठला शेतकरी मला नावानं हाक मारत नसे. डॉक्टरांचं डच म्हणजे चाळीस शब्द आणि हातवारे. पण ज्या नऊ शेतांवर आमचं काम चालायचं, तिथले सगळे शेतकरी त्यांना स्वयंपाकघरात बसवून कॉफी पाजत. डॉक्टर कुंपणापासूनच "जय भीम!" अशी हाक घालायचे. शेतकऱ्यांना वाटलं हा भारतातला नमस्कार असणार. तेही तशीच हाक घालू लागले. एकदा फोन वाजला, मी उचलला, तर पहिल्या शेताचा मालक, सहा फुटांचा, लाल गालांचा माणूस, खणखणीत आवाजात म्हणाला, "जय भीम! डॉक्टर आहेत का?"

मी म्हणालो, "मी देतो त्यांना." दुसरं काही म्हणणं मला जमलं नाही.

गोचीड गवताच्या टोकाला चढून पुढचे दोन पाय पसरून वाट बघत बसते. जनावर घासून गेलं की त्याला धरते. आमच्या शास्त्रात याला एक भारदस्त शब्द आहे आणि मी दरवर्षी नव्या लोकांना तो स्लाइडवर दाखवायचो. डॉक्टर कॅन्टीनमध्ये खुर्चीवर चढले, दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. सगळे बघायला लागले. मग मला म्हणाले, "यांना सांगा, आमच्याकडे याला म्हणतात, हात दाखवा, एसटी थांबवा."

मी भाषांतर केलं. एसटी म्हणजे काय, फाट्यावर उभं राहून हात दाखवला की ती थांबते म्हणजे काय, सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसले. माझ्या भाषांतराला नाही, खुर्चीवरच्या त्या हात वर केलेल्या माणसाला. तेव्हापासून विभागातले सगळे कुरणात हात वर करून एकमेकांना फोटो पाठवायला लागले. माझ्या स्लाइडा पुढच्या वर्षी कुणी मागितल्या नाहीत.

"डोळे का मिटले होते?" मी नंतर विचारलं.

"तिला डोळे नसतातच ना जी. ही जी इथली गोचीड आहे, आंधळी. पायांनी वास घेते, पायांनी ऊब ओळखते. डोळे नसून तिला सगळं कळते. आणि आपल्याले डोळे असून…" आणि ते हसले. असं वाक्य अर्धं सोडायची त्यांना सवय होती. ऐकणाऱ्यानं ते आपल्या सोयीनं पुरं करावं.

एका रविवारी त्यांना मी घरी जेवायला बोलावलं. बायकोनं झुणका केला होता, भाकऱ्या केल्या होत्या. माझी मुलगी त्या आठवड्यात शाळेच्या सहलीला समुद्राकाठच्या टेकड्यांत जाऊन आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण आम्ही मराठीत विचारलं की ती डचमध्ये उत्तर देते. मी त्यावर रागावून पाहिलं, गोष्टी सांगून पाहिलं, लाच म्हणून आइसक्रीम देऊन पाहिलं. मग सोडून दिलं. डॉक्टर आले, नेहमीसारखं तिच्या घोट्यांकडे बघितलं, मग तिच्या मागे गेले आणि म्हणाले, "बाळा, केस वर धर." मानेवर, केसांच्या अगदी मुळाशी, तिळाएवढी गोचीड होती. तीन दिवस मी त्या मुलीच्या समोर बसून जेवत होतो आणि मला ती दिसली नव्हती.

"दुखते का?" चिमटा लावत त्यांनी विचारलं.

"नाही. दुखत नाहीये," ती म्हणाली. मराठीत. "तुम्ही काढा. मी हलत नाही."

"घाई नाही, पीळ नाही, सरळ वर," ते म्हणाले आणि काढली. मग तिला भिंगातून दाखवली. मग दोघं अर्धा तास बोलत बसले. मध्येच तिनं "मग ती किती दिवस उपाशी राहू शकते?" असं विचारलं. "शकते" हा शब्द तिला येतो हे मला माहीत नव्हतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. त्या दुपारी मला त्यांचा पहिल्यांदा खराखुरा राग आला. ज्यानं आपल्या लेकीच्या मानेवरची गोचीड काढली त्याचा राग.

आता एप्रिलमधल्या त्या आठवड्याबद्दल.

डॉक्टरांचा एक अंदाज होता. आमच्या नऊ शेतांपैकी पहिल्या आणि चौथ्या शेतावर आदल्या वर्षी गाईंना रक्तलघवी झाली होती. डॉक्टरांचं म्हणणं, दोष सगळ्या कुरणाचा नाही. त्या दोन शेतांत झुडपांच्या जुन्या कुंपणालगत ओलसर पट्टा आहे, जंतू तिथल्या गोचिडींत आहेत. तेवढा पट्टा जनावरांना बंद करा, आजार थांबेल. त्यांनी तो दोन्ही शेतकऱ्यांकडून तात्पुरता बंद करवलाही होता. आता पुरावा गोळा करायचा होता. विभागप्रमुखांनी स्पष्टच सांगितलं होतं, अंदाज खरा ठरला तर पुढचा चार वर्षांचा मोठा प्रकल्प डॉक्टर चालवतील, त्यांचा करार तेवढा वाढेल. अंदाज खोटा ठरला तर प्रकल्प माझ्याकडे. मी इतकी वर्षं त्याची वाट बघत होतो. प्रमुख माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तुला वाईट वाटणार नाही ना?" मी म्हणालो होतो, "छे."

पहिल्या चार शेतांवर शेवटच्या फेरीला डॉक्टर गेले तेव्हा एक दिवस मीही त्यांच्याबरोबर होतो, गाडी चालवायला. गारा पडत होत्या. काठीला शिवलेलं पांढरं फ्लॅनेलचं कापड ते गवतावरून ओढत चालायचे, दर वीस पावलांनी गुडघे टेकून ते उलटायचे आणि चिकटलेल्या गोचिडी चिमट्यानं ट्यूबमध्ये टाकायचे. हातमोजे घातले की चिमटा धरता येत नाही म्हणून हात उघडे. बोटं निळी पडली होती. ट्यूबवर शेताचा नंबर लिहिताना मी बघितलं, त्यांनी लिहिलं, १.

"अहो, हा मराठी एक आहे."

त्यांनी ट्यूब डोळ्यांजवळ धरली आणि मोठ्यांदा हसले. "खरंच की हो! थंडीत हात पहिलीच्या वर्गात जाते पाहा. असू द्या, वहीत उतरवताना मीच नीट करीन."

ते जमलं नाही. दोन दिवसांनी त्यांची आई गेली. विमानतळावरून त्यांचा मला फोन आला. मागे घोषणा चालू होत्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि ते आईबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "शेवटच्या डब्याचं तेवढं बघाल? मराठी आकडे आहेत त्यावर."

"बघतो," मी म्हणालो. "तुम्ही काळजी करू नका."

तेव्हा मी ते मनापासून म्हटलं होतं. एवढं तरी माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मुलीला ताप आला, मग सुट्टी आली आणि डबा माझ्या डोक्यातून गेला.

प्रयोगशाळेतला फ्रीजर यानेके सांभाळते. तिशीपासून त्याच जागी, आता साठीला आलेली, उंच, कमी बोलणारी बाई. तिचं काम कधी राहत नाही. कुणाची वाट न बघता तिनं तो डबा वहीत उतरवून टाकला. तिला जे दिसलं ते तिनं लिहिलं. आपला २ त्यांना 2 दिसतो, ३ हा 3 दिसतो. पण आपला १ त्यांच्या डोळ्यांना 9 दिसतो आणि ४ दिसतो 8. नऊ आणि आठ नंबरची शेतं आमच्या यादीत होतीच. म्हणजे खटकण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या शेताच्या गोचिडी नवव्याच्या नावावर गेल्या, चौथ्याच्या आठव्याच्या.

जूनमध्ये तपासण्यांचे निकाल माझ्याकडे आले. मला लगेच काहीतरी विचित्र वाटलं, कारण नवव्या शेताच्या ट्यूबा दुप्पट होत्या. मी खाली जाऊन डबा काढला. झाकण उघडलं. ओळीनं उभ्या ट्यूबा आणि प्रत्येकीवर थरथरत्या हाताचा १. मग ४. थंडीनं आकड्यांची शेपटं लांबलेली.

फ्रीजरसमोर मी अर्धा मिनिट उभा होतो. जास्त नाही. त्या अर्ध्या मिनिटात मला सगळं कळलं. डॉक्टर बरोबर होते. जंतू सापडले होते आणि ते पहिल्या आणि चौथ्या शेतावरच होते. त्या सबंध इमारतीत हे आकडे वाचता येणारी दोनच माणसं होती, आणि दुसरा माणूस नुकताच आईचं सगळं आवरून परत आला होता, अजून गप्प गप्प होता. मी डबा बंद केला. वर आलो. माझ्या तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात मी डचमध्ये एक शब्द लिहिला, "तपासलं."

खोटं नव्हतं ते. तपासलंच होतं.

मी स्वतःला सांगितलं, बैठकीच्या आधी सांगू. मग, बैठकीत सांगू. बैठकीत विभागप्रमुखांनी नकाशा लावला. एक आणि चार हिरवे. आठ आणि नऊ लाल. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"आठ आणि नऊ?" ते इंग्रजीत म्हणाले. "तिथं तर एकही जनावर आजारी नाही."

"निकाल असा आहे," प्रमुख म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. ते माझ्याकडे वळले. "तू तपासलंस ना?"

"हो."

डॉक्टरांनी जवळ जाऊन नकाशा बघितला. मग चष्मा काढला. "मग माझं चुकलं," ते म्हणाले. "गोचीड खोटं बोलत नाही." माझ्याकडे वळून, फक्त मला कळेल असं म्हणाले, "वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं पाहा."

प्रकल्प मला मिळाला. संध्याकाळी बायकोनं शिरा केला. मुलीनं विचारलं, "आणि डॉक्टर?" डचमध्ये.

त्याच आठवड्यात डॉक्टर पहिल्या शेतावर गेले आणि मालकाला म्हणाले, माझा अंदाज चुकला, कुंपणालगतचा पट्टा उघडा. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपली चूक आपण जाऊन सांगितली पाहिजे असं त्यांना वाटलं. मालकानं पट्टा उघडला. चौथ्या शेतावरही तेच झालं.

सप्टेंबरमध्ये फोन आला. मीच उचलला. या वेळी मालक जय भीम म्हणाला नाही. "डॉक्टरांना पाठव. क्लारा पडली आहे."

मी त्यांना गाडीतून नेलं. चाळीस मिनिटांचा रस्ता. दोन्ही बाजूंना कालवे, मध्ये सपाट हिरवळ, गाडीत फक्त आम्ही दोघं. एक वाक्य पुरेसं होतं. मी वाटेत ते तीन वेळा तोंडात जुळवलं आणि तिन्ही वेळा हवामानाबद्दल बोललो.

क्लारा गोठ्यात आडवी होती. पाच वर्षांची, काळी-पांढरी गाय. तिच्या मागच्या पायांपाशी गवत कॉफीच्या रंगाचं झालं होतं. तिथला पशुवैद्य औषध टोचून गेला होता, पण उशीर झाला होता. डॉक्टर तिच्यापाशी मांडी घालून बसले. तिच्या पोटावर हात ठेवला आणि तिच्याशी वऱ्हाडीत काहीतरी बोलत राहिले. मालक बाजूला उभा. थोड्या वेळानं क्लाराचा श्वास थांबला. मालकानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"तू म्हणालास पट्टा उघड," तो म्हणाला. आरोप नव्हता त्यात, नुसतं आठवत होता. तरी डॉक्टरांची मान खाली गेली. मी गोठ्याच्या दारात उभा होतो. शेणाचा आणि ओल्या लोखंडाचा वास येत होता.

परतताना अर्ध्या रस्त्यात डॉक्टरांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "जनावर खरं आणि नकाशाही खरा, असं होत नाही. कुठंतरी आकडा चुकला."

"असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फ्रीजर उघडला. दहा वाजता ते विभागप्रमुखांच्या खोलीत होते. दार उघडंच होतं, मला ऐकू येत होतं. "चूक माझी आहे," ते सांगत होते. "मी माझ्या भाषेत लिहिलं. यानेकेनं जसं दिसलं तसं उतरवलं. तिचा काही दोष नाही." यानेके मागे उभी होती. तिच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीतली ती पहिली चूक होती आणि ती रडत होती. तिला तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

माझं नाव त्या खोलीत निघालं नाही. विमानतळावरच्या फोनबद्दलही ते बोलले नाहीत.

दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "जूनचा तक्ता दाखवता का?" मी स्क्रीनवर उघडला. त्यांनी तो खालपासून वर बघितला, माणसाकडे बघायचे तसाच. शेऱ्याच्या रकान्यापाशी त्यांची नजर थांबली. मी वाट बघत होतो. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं. किंवा वाटून घेतो.

"चहा घ्यायचा?" ते म्हणाले.

आम्ही चहा घेतला. ते पत्नीच्या बदलीबद्दल बोलले.

नकाशा दुरुस्त झाला. एक आणि चार लाल झाले, पट्टे पुन्हा बंद झाले, चारही शेतकऱ्यांची माफी मागितली गेली. क्लारा काही परत येणार नव्हती. प्रकल्पाचे कागद मात्र माझ्या नावानं मंजूर होऊन गेले होते. प्रमुखांनी खटपट केली, पण करार वाढवायला जागा उरली नव्हती. मी म्हणू शकलो असतो की मी बाजूला होतो, प्रकल्प त्यांना द्या. ते वाक्य जुळवायचासुद्धा मी प्रयत्न केला नाही. डिसेंबरमध्ये ते परत गेले. निरोपाला पहिल्या आणि चौथ्या शेताचे मालक चीजचे गोळे घेऊन आले होते. माझी मुलगी शाळा बुडवून आली. डॉक्टरांनी मला आपलं ते कापड दिलं, धुऊन, घडी करून. "फ्लॅनेल चांगलं आहे," म्हणाले. "चार वर्षं टिकेल."

जानेवारीत एका सकाळी यानेकेनं मला खाली बोलावलं. फ्रीजरच्या दारावर तिनं एक कागद लावला होता. डावीकडे तिच्या नीटस अक्षरात 0 ते 9, उजवीकडे ० ते ९. डॉक्टरांनी जायच्या आधी तिला शिकवले होते म्हणे, ती रोज जेवणाच्या सुट्टीत गिरवत होती. तिच्या हातात पेन होतं.

"बघ ना, बरोबर आहेत का," ती म्हणाली.

मी बघितलं. ६ थोडा आडवा झाला होता, बाकी सुरेख. "बरोबर आहेत."

"तुला वाचता येतात."

"हो."

"तेव्हाही येत होते."

तिनं हे विचारलं नाही, नुसतं म्हटलं. फ्रीजरचा घरघर आवाज चालू होता. मी "हो" म्हणालो. डच भाषेत तो शब्द एवढासा आहे, पण बाहेर पडायला त्याला सात महिने लागले होते. मग मी बाकीचंही सांगितलं. फोन, अर्धा मिनिट, शेऱ्याचा रकाना. ती ऐकत राहिली. तिनं पेनाला टोपण लावलं.

"त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, त्याला विचारू नकोस," ती म्हणाली. "मी म्हटलं, का? तर म्हणाले, विचारलंस तर तो खरं सांगेल. मग त्याला इथं रोज यायला फार जड जाईल."

मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पुढे कितीतरी दिवस. पण त्या क्षणी फ्रीजरसमोर मला पहिल्यांदा जे वाटलं ते कबूल करायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं. मला त्यांचा हेवा वाटला. हेव्याचं कारण आता शेतकरी नव्हते, केक नव्हता, माझी मुलगीही नव्हती. सगळं माहीत असून माझ्यासारख्या माणसाविषयी त्यांना असं बोलता आलं, याचा हेवा वाटला.

या एप्रिलमध्ये पहिल्या शेतावर मीच गेलो होतो. पांढरे मोजे घालून, त्यांचं कापड घेऊन. गारा नव्हत्या, पण वारा होता आणि बोटं पार बधिर झाली होती. कुंपणालगत पाच गोचिडी मिळाल्या. ट्यूब काढली, पेन काढलं. मीही मराठी शाळेतच शिकलो आहे, पाटीवर गिरवूनच. म्हटलं, बघू या, हाताला वाटेल ते लिहू दे.

हातानं लिहिलं, 1. सरळ, उभा, कुणालाही वाचता येईल असा.